भांडे केव्हा मोडीत काढावे?

एखादी गोष्ट निकामी ठरवून बाजूला सारली की आपण ती 'मोडीत काढली' असे म्हणतो. जुना कायदा मोडीत निघतो, एखादी रूढी मोडीत निघते, कधी कधी एखाद्या पुढाऱ्याचे आश्वासनही मोडीत निघते. पण स्वयंपाकघरातली मोड याहून साधी आणि अधिक शहाणी आहे. मोड म्हणजे झिजलेल्या, पोचलेल्या, फुटलेल्या भांड्याचे धातू म्हणून उरलेले मोल. घडणावळ गेली, वजन राहिले. ते वजन तराजूत घालायचे, आणि त्यातून नवे भांडे घडवायचे. म्हणजे पाहा, मोडीत काढणे याचा मूळ अर्थ फेकून देणे असा नाहीच. त्यात पुन्हा उभे राहण्याची सोय गृहीत धरलेली आहे.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो या मोडीच्या इतिहासाविषयी. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, तहनामे येतात. फडताळावरच्या पातेल्याला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. पण भांडे जुने झाले की घरातल्या बाईपुढे तीन प्रश्न उभे राहतात, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उभे राहत आले आहेत. पहिला प्रश्न असा की याच्यात शिजवलेले अन्न अजून निर्धोक आहे का? दुसरा, नसेल तर याच्यात मोल किती उरले आहे? आणि तिसरा, हे भांडे आता जाणार कोणाच्या हाती? पहिला प्रश्न शरीराचा आहे, दुसरा संसाराचा, आणि तिसरा समाजाचा. पहिल्या दोहोंविषयी आपण पुष्कळ बोलतो. तिसऱ्याविषयी मात्र फारसे बोलत नाही. म्हणून तो मी शेवटासाठी राखून ठेवतो.

आरंभ मातीपासून करू. मातीचे भांडे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर फुटणारे. पण गंमत अशी की फुटल्यावर सर्वांत जास्त टिकणारेही तेच! लोखंड गंजून जाते, लाकूड कुजते, तांबे वितळवून पुन्हा घडवले जाते. भाजलेल्या मातीचे खापर मात्र तीन-तीन हजार वर्षे जमिनीत जसेच्या तसे पडून राहते. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. त्यात लाल रंगाची, वर काळ्या रंगाने नक्षी काढलेली, काही तर तोटी असलेली मातीची भांडी मिळाली. या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडले. पुढे १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला, आणि १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठच्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. तिथल्या त्या आद्य शेतकऱ्यांनी शिलालेख कोरले नाहीत की ताम्रपट दिले नाहीत. त्यांची हकीगत आपण वाचतो ती मुख्यतः त्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून. इनामगावच्या लोकांचे मूल दगावले, तर ते त्याला जाड घडणीच्या दोन करड्या मडक्यांत ठेवीत, मडक्यांना तोंडाला तोंड लावून ती आडवी करीत, आणि राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरीत. भांडे हे नुसते शिजवण्याचे साधन नव्हते, एवढे यावरून दिसते. ज्याच्यात जिवाला जगवायचे ते ठेवले जाई, त्याच्याच स्वाधीन गेलेला जीवही केला जाई.

मातीचे भांडे केव्हा बदलावे हे ठरवणे सोपे असे. त्यात अडचण कसली? कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात गावची ही सगळी व्यवस्था सविस्तर आलेली आहे. सुगीला कुंभाराला धान्याचा वाटा द्यायचा आणि वर्षभर त्याच्याकडून मडकी घ्यायची. मडके फुटले म्हणून कमरेचा कसा सोडावा लागत नसे. शिवाय जुने काढून नवे आणण्याचे दिवस सणावारांनीच नेमून दिलेले होते. संक्रांतीला सुगडे, नवरात्रात घट, अक्षय्यतृतीयेला पाण्याची नवी घागर. खानदेशातल्या आखाजीला भरलेल्या घागरीची पूजा होते ती ऐन वैशाखात. यात नुसता धर्म नाही, व्यवहारही आहे. माठाच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि त्या वाफेबरोबर आतल्या पाण्याची उष्णता निघून जाते. वर्षभर वापरलेल्या माठाची ही छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी आणि शेवाळाने बुजतात. मग माठ दिसायला धड असतो, पण पाणी गार करीत नाही. म्हणजे तो फुटला नाही तरी त्याचे काम संपलेले असते. नव्या घागरीचा मान उन्हाळ्याच्या तोंडाला का, हे आता वेगळे सांगायला नको.

बरे, काम संपलेला माठ उकिरड्यावर जाई का? सहसा नाही. त्यात तुळस लागे, चिमण्यांना पाणी ठेवले जाई, चुलीतली राख भरून ठेवली जाई. मडके फुटले तर त्याचे खापर विस्तव न्यायला-आणायला कामी येई. खानदेशात मांडे भाजतात ते पालथ्या खापरावरच, मग ते मुद्दाम घडवलेले का असेना. खापर हा शब्द फुटक्या भांड्याचा, आणि पदार्थ मात्र पाहुणचाराचा!

मातीच्या भांड्याविषयी जुन्या धर्मशास्त्रानेही नियम केले होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांडी शुद्ध करण्याचे प्रकरण आहे. तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांची भांडी क्षाराने, आंबट पदार्थाने आणि पाण्याने साफ करावीत. मातीचे भांडे पुन्हा भट्टीत भाजून शुद्ध करावे. पण त्याला दारू, मलमूत्र, रक्त यांसारख्यांचा संपर्क झाला असेल तर भाजूनही ते शुद्ध होत नाही, असे तिथे सांगितले आहे. यातला पवित्र-अपवित्राचा भाग क्षणभर बाजूला ठेवा. धातू गुळगुळीत, तो घासून निघतो. माती सच्छिद्र, ती जे शोषते ते सोडत नाही, ही पारख त्यात आहे. राख आणि चिंच हीच पुढे कित्येक शतके आपल्या मोरीवरची सामग्री राहिली. राख हा क्षार, चिंच हे आम्ल. म्हणजे रसायनशास्त्र शाळेत येण्याच्या कितीतरी आधी मोरीवर आले होते.

आता धातूकडे वळू. दख्खनच्या काळ्या खडकात तांब्याच्या खाणी नाहीत. तांबे बाहेरून यायचे. सतराव्या-अठराव्या शतकांत डच व्यापारी थेट जपानातून तांबे आणून सुरतेला विकत असत. पुढे इंग्रजांनी आपल्या देशातले तांबे मुंबई-सुरतेच्या बाजारात आणले. जो धातू शिवराईच्या नाण्याचा, तोच हंड्या-कळशीचा. इतक्या लांबून येणारी वस्तू मोलाची असणारच. म्हणून तांब्या-पितळेचे भांडे हे नुसते भांडे नव्हते, ती घरची ठेव होती. मुलीच्या लग्नात भांडी द्यायची, त्यांवर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत नाव आणि तिथी घालायची, ती याच भावनेने. सावकाराच्या ओसरीवर हंडा गहाण पडे आणि दुष्काळात बाजारात भांड्यांची रांग लागे, तीही याच कारणाने. दागिने आधी जात, मग भांडी, आणि भांडी गेली की घर मोडले असे समजत.

पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दस्तऐवजांची होळी केली, आणि तो उठाव गावोगाव पसरला. लगेच पुढे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. कर्जापायी कुणब्याच्या घरातले काय काय उचलून नेता येते, हा प्रश्न त्या काळात फार जिव्हाळ्याचा झाला होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. कर्जदाराच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येणार नाही याची यादी त्यात आहे. त्या यादीच्या अगदी आरंभी कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी येतात. कायद्याची भाषा रूक्ष असते खरी, पण माणसाला जगायला निदान एक पातेले लागते, एवढे त्या रूक्ष भाषेनेही मान्य केले आहे. शिक्षकांनी हे कलम मुलांना जरूर सांगावे.

भांडे मोलाचे, म्हणून ते दुरुस्त करणारे हातही गावोगाव असत. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी तुम्ही ऐकली असेल. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांनी ती वसवली. तांब्याचा पत्रा ठोकून हंडे, बंब, घंगाळी घडवायची, आणि शेवटी त्यावर हातोडीने ठोक्याशेजारी ठोका देत मठारकाम करायचे, ही त्यांची विद्या. मठारल्याने भांड्यावर चांदण्यांसारखी झळाळी येते, आणि पत्रा कठीणही होतो, म्हणजे लवकर पोचत नाही. भांड्याला भोक पडले तर डाग लावायचा, बूड गेले तर नवे बूड बसवायचे, कान निखळला तर रिबिट मारायची. आणि काहीच इलाज चालेना, तर मग मोड. तांब्याची मोड पुन्हा मुशीत जाई. आजीच्या हंड्याची नातीच्या लग्नात कळशी होई.

पण तांब्या-पितळेच्या भांड्याचे खरे वय त्याच्या बाहेरच्या अंगावर दिसत नाही. ते आत पाहावे लागते. ताक, आमसुलाचे सार, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ उघड्या तांब्यात किंवा पितळेत राहिले की धातू त्यात उतरतो. पदार्थाला एक हिरवट, तोंड आंबवणारी चव येते. आपल्या बायका म्हणतात, 'ताक कळकलं.' हा 'कळकणे' शब्द म्हणजे शेकडो स्वयंपाकघरांनी मिळून केलेली एक नोंदच आहे. तो वापरणाऱ्या बाईला प्रयोगशाळा ठाऊक नव्हती, पण तिची जीभ तिला सांगत होती की हे भांडे आता या कामाचे राहिले नाही.

यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला गावात येई, पिंपळाच्या पाराजवळ खड्डा खणून भट्टी लावी, भाता जोडी. त्याचा पोऱ्या भांड्यात वाळू टाकून त्यात उभा राही आणि कमरेतून गरगर फिरत पायांनी भांडे घासून काढी. मुलांना तो तमाशाच वाटे! मग भांडे तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून सगळीकडे पसरायचे. नवसागर धातूवरचा मळ खातो, म्हणून कथील तांब्याला घट्ट धरते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणून तांब्याला काही न होता त्यावर कथलाचे अस्तर चढते. याच कारणाने कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. अस्तर आपले आपणच वितळून गोळा होते. आणि कथील शुद्ध हवे. त्यात स्वस्त म्हणून शिसे मिसळले तर औषधाच्या नावाखाली विष दिल्यासारखे होते.

कल्हई झिजली हे कसे ओळखायचे? आत हात फिरवा, उजेडात धरा. पांढऱ्या अस्तरातून तांबडा किंवा पिवळा डाग डोकावू लागला की ते पातेले स्वयंपाकातून बाहेर. पुन्हा कल्हई होईतो त्यात पाणी तापवा, धान्य ठेवा. आंबट आणि दूध मात्र घालू नका. हा नियम साधा आहे, पण तो मोडला गेला तेव्हा त्याची किंमत कोणी दिली, ते ऐका.

आपल्या देशात लहान मुलांच्या यकृताचा एक रोग होता. सहा महिन्यांपासून तीनचार वर्षांपर्यंतची मुले त्यात सापडत. यकृत कठीण होई, पोट फुगे, कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. घराण्यातली एकामागून एक मुले गेल्याचीही उदाहरणे होती. लोक नशिबाला बोल लावीत. या रोगाने गेलेल्या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले आढळे. ते येते कुठून? १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडचे डॉ. एम. एस. टॅनर आणि पुण्याच्या डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित प्रभृतींचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांचे बोट वळले ते घरातल्या दुधाच्या भांड्याकडे. आईचे दूध लवकर सोडून ज्या मुलांना वरचे दूध सुरू झाले, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि ठेवले गेले, त्या मुलांच्या पोटात रोज थोडे थोडे तांबे जात होते. १९८७ मध्ये पुण्याच्याच डॉक्टरांनी आजारी मुलांच्या आणि तशाच निरोगी मुलांच्या आहाराची तुलना केली, तेव्हाही हाच संबंध दिसला. काही मुलांच्या शरीरात याला बळी पडण्याचा जन्मजात कलही असावा, असे तज्ज्ञ मानतात. पण दुधाची भांडी बदलत गेली, तसा हा रोगही मागे हटला आणि आता तो क्वचितच आढळतो.

श्रोतेहो, यात दोष कोणत्या आईचा म्हणायचा? दूध कळकत नाही. ताकासारखी त्याची चव बिघडत नाही. जीभ जिथे इशारा देत होती तिथे बायका सावध होत्या; जिथे जीभ गप्प राहिली तिथे घात झाला. घासून लख्ख केलेले, सोन्यासारखे चमकणारे पितळेचे भांडे, मायेने बाळाच्या दुधासाठी वेगळे ठेवलेले, आणि धोका त्याच्यात! म्हणून भांड्याचा निवाडा त्याच्या चकाकीवर करू नये. अन्नाला जी बाजू लागते ती कशी आहे, एवढेच पाहावे.

याच सुमारास तांब्या-पितळेची सद्दी संपत आली होती. अॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल याने आणि फ्रान्समध्ये एरू याने, एकमेकांना नकळत, शोधली. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन याने या धातूची भांडी करून पाहिली, आणि आपल्या देशात हा धंदा सुरू झाला. आपल्याकडे त्याला लोक 'जर्मनची भांडी' म्हणू लागले. हलकी, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. पाठोपाठ आले स्टेनलेस स्टील. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रियर्ली याने १९१३ मध्ये क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले होते. आपल्या स्वयंपाकघरात ते १९६० नंतर हळूहळू शिरले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने फडताळेच्या फडताळे जिंकली. पितळेची मोड दुकानात देऊन स्टीलचे डबे घेतले गेले. जुनी लुगडी बोहारणीला देऊन स्टीलच्या वाट्या घेतल्या गेल्या. चूल जाऊन स्टोव्ह आणि गॅस आला, तशी गोल बुडाची पातेली डुगडुगू लागली आणि सपाट बुडाची आली.

यात फायदा झाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मुलांचे जीव वाचले, बायकांचे घासण्याचे कष्ट कमी झाले. पण एक गोष्ट गेली. कल्हईवाला सहा महिन्यांनी दारात आला की घरातल्या भांड्यांची आपोआप तपासणी होई. कोणते ठेवायचे, कोणते दुरुस्त करायचे, कोणते मोडीत घालायचे, हा सल्ला त्याच्या भट्टीपाशी उभ्याउभ्या मिळे. आता तो सल्लागार राहिला नाही. निर्णय एकट्या घरधनिणीवर आला, आणि नव्या धातूंचे म्हातारपण कसे ओळखायचे हे तिला कोणी सांगितले नाही.

तेव्हा ते थोडक्यात सांगतो. जर्मनच्या भांड्याला आंबट आणि सोडा दोन्ही सोसत नाहीत. आतून बारीक खड्डे पडले, पत्रा पातळ होऊन बूड वर आले, की त्याला निवृत्त करावे. त्यात कोरडे धान्य, शेतावर नेण्याचे बी-बियाणे खुशाल ठेवावे. भंगारात दिले तर उत्तमच, कारण जुने अॅल्युमिनियम वितळवायला नवे काढण्याच्या मानाने सुमारे वीस हिश्श्यांपैकी एक हिस्साच ऊर्जा लागते. मात्र मिळेल त्या भंगारातून गावठी रीतीने ओतलेले भांडे स्वयंपाकाला घेऊ नये. त्यात शिसे असण्याचा धोका असतो. लोखंडी तवा सहजासहजी म्हातारा होत नाही. गंजला तर घासावा, तेल लावून तापवावा, तो पुन्हा तरुण! बिडाच्या तव्याला चीर गेली तर मात्र तो केव्हा दुभंगेल याचा नेम नाही. काशाची वाटी चेपली, तर ती तुपाने तळपाय घासायला आपले वाडवडील वापरीतच आले आहेत. स्टीलला पोचा आला म्हणून काही बिघडत नाही. पण मूठ हलू लागली, बूड फुगून भांडे डुगडुगू लागले, तर उकळत्या पाण्यासाठी ते वापरू नये. कुकरचे झाकण नीट बसत नसेल, रबर कडक झाले असेल, तर आधी ते बदलावे, मग डाळ शिजवावी. आणि ज्याला 'नॉनस्टिक' म्हणतात, त्या तव्यावर टेफ्लॉनचा थर असतो. हा पदार्थ १९३८ मध्ये अमेरिकेत हाती लागला. तो थर खरवडून पापुद्रे निघू लागले की तवा स्वयंपाकातून काढावा. रिकामा तवा फार तापवला तर त्यातून अपायकारक धूर निघतो. या तव्याला कल्हई नाही आणि फारशी मोडही नाही. स्वयंपाकघराच्या इतिहासात दुसरा जन्म नसलेली अशी भांडी प्रथमच आली आहेत, हे विकत घेतानाच ध्यानात ठेवावे.

आता राखून ठेवलेला तिसरा प्रश्न. निकामी भांडे जाते कोणाच्या हाती?

ज्या मनुस्मृतीत भांडी घासण्याची इतकी बारीक पारख आहे, तिच्याच दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसे राहावे याचे नियम आहेत. त्यांनी फुटक्या भांड्यात जेवावे, त्यांना अन्न द्यायचे तेही फुटक्या भांड्यातून द्यावे, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे एका माणसाच्या घरातून बाद झालेले भांडे दुसऱ्या माणसाच्या वाट्याला हक्काचे म्हणून नेमून दिलेले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागे असे कितीतरी नियम होते. आणि हा केवळ पोथीतला नियम नव्हता. बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या ग्रंथात तेव्हाच्या अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावची हकीगत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या खाऊनपिऊन सुखी असलेल्या अस्पृश्य घरांतल्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून सवर्णांना आपला अपमान झाला असे वाटले, आणि त्यांनी त्या बायकांवर हल्ला केला. विचार करा, गुन्हा काय? डोक्यावर मडक्याऐवजी धातूचे भांडे होते! कोणी कोणत्या भांड्यात पाणी प्यावे हे जिथे जातीने ठरत होते, तिथे चांगले भांडे डोक्यावर घेऊन भर रस्त्याने चालणे हेच एक बंड होते.

कायद्याने ते दिवस मागे पडले. पण आपल्या फडताळात जरा डोकावून पाहा. कोनाड्यात वेगळी ठेवलेली, कान तुटलेली कपबशी कोणासाठी आहे? ज्या पातेल्याचा थर गेला, जे आपल्या मुलांच्या दुधाला आपण वापरणार नाही, ते कामाला येणाऱ्या बाईला 'घेऊन जा, तुझ्या उपयोगी पडेल' म्हणून देताना आपण काय देतो? धड भांडे दिले तर ते दान झाले. निर्धोक पण जुने दिले तर ती मदत झाली. पण आपल्या ताटाला जे चालत नाही ते दुसऱ्याच्या ताटाखाली सरकवले, तर ती त्या फुटक्या भांड्याचीच जुनी रीत झाली, फक्त तिला आता औदार्याचे नाव मिळाले. अशा भांड्याने दोनच ठिकाणी जावे: भंगारवाल्याच्या तराजूत, नाही तर अन्नाशी संबंध नसलेल्या एखाद्या कामाला. त्याला रोप लावा, खिळे ठेवा, जनावराच्या गोठ्यात राख भरून ठेवा. माणसाच्या पानात त्याने पुन्हा येऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना आपापल्या घरातले सर्वांत जुने भांडे शोधायला सांगा. त्यावर नाव असेल तर ते वाचून घ्या, तिथी असेल तर ती उतरवून घ्या. ते कोणाच्या लग्नातले, कोणत्या गावाहून आले, कधी गहाण पडले होते का, हे आजी-आजोबांना विचारू द्या. तीस मुलांच्या तीस भांड्यांतून गावाचा शंभर वर्षांचा संसार उभा राहील. आणि एखादे मूल म्हणाले की आमच्या घरी जुने भांडेच नाही, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्या घरी ते का नाही, हाही इतिहासच आहे, आणि बहुधा तोच अधिक ऐकण्यासारखा असेल.

भांडे केव्हा मोडीत काढावे याचे उत्तर मग तसे अवघड नाही. बाहेरची चकाकी पाहू नका, आत हात फिरवा. डागडुजी होत असेल तर करा. होत नसेल तर त्याची मोड घ्या. आणि ते दुसऱ्याच्या हाती देण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: याच्यात शिजलेला भात मी माझ्या मुलाला वाढीन का?